लीड्सला पीअर सपोर्ट वर्कर व्हायचंय? आधी व्हिसा, मग लिथियम, मग अर्ज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं सिंहगड रोडला, बायपोलर आहे, लिथियमवर (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) पाच वर्षं तब्येत स्थिर, पुण्यात एका स्वमदत गटाचं काम करता. नवऱ्याला इंग्लंडमधल्या लीड्सच्या कंपनीकडून स्किल्ड वर्कर व्हिसा मिळतोय. त्याच्याबरोबर डिपेंडंट म्हणून जावं, की एजंट म्हणतो तशी पीअर सपोर्ट वर्करची (स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून इतर रुग्णांना आधार देणारा कर्मचारी) स्वतंत्र स्पॉन्सरशिप घ्यावी?

डिपेंडंट म्हणूनच या आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्करसाठी पद पदवीस्तराचं लागतं आणि पगाराची सर्वसाधारण अट 41,700 पौंड आहे. पीअर सपोर्ट वर्करचं पद एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बहुतेक ठिकाणी बँड 3 चं (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) असतं, क्वचित बँड 4 चं. 2025-26 मध्ये बँड 3 ला वर्षाला साधारण 25 ते साडेसव्वीस हजार पौंड होते. म्हणजे या कामावर स्पॉन्सरशिप मिळणारच नाही. डिपेंडंटला मात्र जवळपास कुठलंही काम करता येतं, तासांचं बंधन नाही. फक्त नवऱ्याचं पद पदवीस्तराचंच आहे ना, हे स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवरच्या व्यवसाय कोडवरून तपासा. टंचाईच्या यादीतून खालच्या स्तराच्या पदावर नव्याने येणाऱ्यांना आता जोडीदार आणता येत नाही. आरोग्य अधिभार माणशी वर्षाला 1,035 पौंड, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. तीन वर्षांचे दोघांचे 6,210 होतात. कंपनी किती देणार, ते आत्ताच लेखी घ्या.

आता लिथियम. नोकरीच्या तयारीत हाच भाग मागे पडतो आणि मग इथे सगळं अडतं.

आल्या आल्या घराजवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही, काउंटरवर तसं म्हणाले तरी. पण जीपी सहसा स्वतःच्या जबाबदारीवर लिथियम सुरू ठेवत नाही. तो मानसोपचार विभागाकडे पाठवतो आणि तिथे आठवडे, कधी महिने जातात. तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर हव्यात त्या यासाठी. मूळ वेष्टनात, हँडबॅगेत. पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: औषधांची जेनेरिक नावं, डोस, आतापर्यंतचे एपिसोड, कुठलं औषध लागू पडलं नाही, लिथियमची शेवटची पातळी. ती पातळी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घेतलेल्या रक्ताची हवी. क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियमचे रिपोर्टही जोडा. इथे लिथियम ब्रँडचं नाव घालूनच लिहून देतात, कारण ब्रँड बदलला की शरीरात उतरणारं प्रमाण बदलू शकतं. आपल्याकडचे ब्रँड इथे मिळत नाहीत, म्हणून बदलल्यावर आठवड्याने पातळी पुन्हा तपासून घ्या. आणि डोकं दुखलं की कॉम्बिफ्लाम, ही सवय असेल तर पुण्यातच सोडून या. त्यातल्या आयबुप्रोफेनने लिथियमची पातळी चढते.

जोडीला व्हॅल्प्रोएट (बायपोलरवरचंच आणखी एक औषध) असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी निवांत बोला. गर्भावरच्या परिणामांमुळे इथे नियम फार कडक आहेत. जानेवारी 2024 पासून 55 च्या आतल्या कुणालाही ते नव्याने सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागते, आणि आधीपासून घेणाऱ्या स्त्रियांचाही दरवर्षी आढावा होतो.

विमान शक्यतो असं घ्या की रात्रीची झोप बुडणार नाही. बायपोलरमध्ये जागरण काय करतं, हे तुम्हाला सांगायला नको. जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये या. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो.

अर्जाचं तंत्र वेगळं आहे. एनएचएसच्या जाहिरातीसोबत अपेक्षित गुणांची यादी येते, काही आवश्यक, काही असल्यास उत्तम. निवड त्या यादीवर गुण देऊन होते. म्हणून मुद्द्यामागून मुद्दा घ्या आणि प्रत्येकाखाली गटातलं एक ठोस उदाहरण लिहा. ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ याला शून्य गुण. स्वानुभव आवश्यक असला तरी निदानाची कर्मकहाणी नको; कशाने सावरलात आणि ते दुसऱ्याच्या कामी कसं येतं, तेवढं लिहा. आपल्या गटात शुभार्थी (आजार असलेले) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय) एकत्र बसतात. इथे कुटुंबीयांसाठी केअरर पीअर सपोर्ट वर्कर असं वेगळं पद असतं, त्याला चुकून अर्ज करू नका. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: समोरचा म्हणतो, ‘मी गोळ्या बंद करतोय, कुणाला सांगू नका.’ रागवायचं नाही आणि गुप्ततेचं वचनही द्यायचं नाही. का बंद करतोय ते ऐकून घ्यायचं आणि टीमला सांगावं लागेल हे त्यालाच आधी सांगायचं.

मागच्या तीन वर्षांचे संदर्भ, म्हणजे आधीच्या कामाबद्दलची पत्रं, मागतात, आणि जीमेलवरून आलेलं पत्र स्वीकारताना खळखळ करतात. संस्थेचा स्वतःचा ईमेल नसेल तर शिक्का, सही आणि लँडलाइन असलेलं पत्र तयार ठेवा. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट निघण्याआधी पासपोर्ट सेवेतूनच काढा. इथून काढायला वेळ जातो.

ऑफर आल्यावर सही करण्याआधी काही गोष्टी विचाराच. टीममध्ये दुसरा पीअर आहे का? एकटा पीअर लवकर थकतो, कारण मानसिक आजाराबद्दलचा टीममधला पूर्वग्रहही त्यालाच झेलावा लागतो. मॅनेजरशिवाय अनुभवी पीअरकडून वेगळं सुपरव्हिजन आहे का, महिन्यातून किती वेळा? वॉर्डवर कुणाला धरून ठेवण्याच्या प्रसंगी तुमच्याकडून काय अपेक्षा आहे? जो माणूस काल तुमच्यावर विश्वास टाकून बोलला, त्याला आज धरून ठेवलंत तर ते नातं संपलं. करार मुदतीचा आहे का? बरीच पदं आठवड्याला 22.5 तासांची असतात, म्हणजे बँड 3 च्या सुरुवातीला वर्षाला कर कापण्याआधी सुमारे 15,000 पौंड. आणि तुमचे स्वतःचे उपचार त्याच ट्रस्टमध्ये (एनएचएसची स्थानिक संस्था) असतील तर तुमची फाइल सहकाऱ्यांना कशी दिसणार नाही, तेही.

रात्रपाळी नको, रक्ततपासणीला वेळ हवा, ही मागणी 2010 च्या समानता कायद्याखाली करता येते. ऑफरनंतरच्या ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी) फॉर्मवरच ती लिहा, आजारी पडल्यावर नाही. एनएचएसमध्ये पहिल्या वर्षी महिनाभर पूर्ण पगारी आजारपणाची रजा मिळते आणि चार महिने भरल्यावर पुढचे दोन महिने अर्ध्या पगारावर. धर्मादाय संस्थांमध्ये इतकं मिळेलच असं नाही.

हिंदी येतं म्हणून तुम्हाला हळूच दुभाषी बनवतील. ब्रॅडफर्ड शेजारी आहे, हिंदी-उर्दू बोलणारे खूप. गप्पांपुरतं ठीक, पण डॉक्टर निदान किंवा डिटेन्शन (कायद्याने सक्तीने रुग्णालयात ठेवणं) समजावत असताना अधिकृत दुभाषीच मागा. मंडळाच्या गणपतीत क्लायंट भेटला तर ओळख दाखवायची की नाही, ते त्याच्यावर सोडा. पहिल्याच भेटीत हे त्याच्याशी ठरवून ठेवलेलं बरं.