औटकी, पंचपदी आणि गोणपाट

साताऱ्यात अध्यापक विद्यालयात तीसेक वर्षं ‘शिक्षणाची अधिष्ठानं’ हा विषय शिकवला. मुलं त्याला ‘झोपेचा तास’ म्हणायची. निवृत्तीनंतर मात्र त्याच विषयावर पत्रं येतात, हे गमतीचं आहे. यावेळी सहा शंका घेतल्या आहेत.

आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद सगळं पाठ केलं. वर्गात उभी राहिले की एकही वाद आठवत नाही. मग शिकायचं कशाला? (बी.एड. विद्यार्थिनी, कराड)

वर्गात आठवू नयेतच. आठवायला लागले तर तुमचं लक्ष मुलांवरून उडालंय असं समजा. पण एक प्रसंग सांगतो.

आमची एक छात्राध्यापिका चौथीला वजन-माप शिकवत होती. पुस्तक मिटून तिनं टेबलावर तराजू ठेवला आणि मुलांना मैदानातून दगड आणायला पाठवलं. पाव किलोच्या वजनाइतका दगड कोण शोधतो, अशी पैज. वर्गात नुसता कल्ला. एका पोरानं हातातला दगड नाचवत विचारलं, “बाई, ह्यो दगड दुकानात चालंल व्हय?” मग प्रमाणित वजन म्हणजे काय, त्यावर शिक्का कशाला, दुकानदारानं असाच दगड ठेवला तर काय, यावर अर्धा तास गेला. निरीक्षकांनी वहीत शेरा मारला: “घटक अपूर्ण. वर्गनियंत्रण नाही.”

बाई रडवेली झाली. मी तिला म्हटलं, तुमच्या दोघांत भांडण आहे ते या वादांचंच आहे. तत्त्ववेत्ता रूसोनं १७६२ मध्ये ‘एमिल’ हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या मुलाच्या हाती बाराव्या वर्षापर्यंत पुस्तकच द्यायचं नाही, त्यानं वस्तूंकडून शिकायचं. मुलांना मैदानात सोडणं हे त्याच्या घराण्यातलं, म्हणजे निसर्गवादातलं. अमेरिकन तत्त्ववेत्ता ड्यूईनं १८९६ मध्ये शिकागोला प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढली. तिथं मुलं स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत आणि त्यातून गणित-विज्ञानाकडे जात. दुकानदाराचा प्रश्न त्याच्या घरातला, म्हणजे कार्यवादातला. आणि निरीक्षक? त्यांच्या मते ज्ञान आधीच ठरलेलं असतं, शिक्षकानं ते नीट क्रमानं पोचवायचं. तेही चुकीचे नव्हते. परीक्षेला तो घटक येणारच होता. वाद शिकायचे ते यासाठी, की शेरा वाचून रडण्याऐवजी भांडता यावं.

पाठटाचणातली पंचपदी कुठून आली? तिच्याशिवाय पाठ होतच नाही का? (प्राथमिक शिक्षक, जत)

होतो की. रोज होतो.

पंचपदी म्हणजे पाठाच्या ठरीव पाच पायऱ्या. तिच्यावर नाव आहे हर्बार्टचं (१७७६–१८४१). हा जर्मन तत्त्ववेत्ता कोनिग्झबर्गला कांटच्या अध्यासनावर बसला होता. त्याचं म्हणणं साधं होतं: मनात आधीपासून जे आहे त्याला नवं ज्ञान चिकटतं, कोऱ्या जागी चिकटत नाही. त्यानं शिकवण्याच्या चार अवस्था सांगितल्या. त्याच्या पाच पायऱ्या केल्या त्या त्सिलर आणि राइन या शिष्यांनी. मग ट्रेनिंग कॉलेजांनी त्या उचलल्या, छापील तक्ते निघाले आणि तत्त्वाचा फॉर्म झाला. गुरूपेक्षा शिष्य कडक, हे आपल्याला नवीन नाही.

“मुलांनो, हे चित्र कशाचं?” “गाई-चं!” “गाय काय देते?” “दू-ध!” “शाब्बास. तर आज आपण दूध या विषयाची माहिती घेऊ.” याला प्रस्तावना म्हणतात आणि त्याला गुण मिळतात. यात पूर्वज्ञान कुठंच तपासलं गेलं नाही.

तुम्ही जतचे. जलचक्र शिकवताना तुमच्या मुलांचं पूर्वज्ञान समुद्राचं नाही, टँकरचं आहे. टँकर कुठून भरून येतो, विहीर कधी आटते, मग ते पाणी गेलं कुठं, इथून सुरुवात करा. हर्बार्टला हेच हवं होतं. टाचणात पाचही रकाने भरा, त्याला इलाज नाही. पण जोर पहिल्यावर ठेवा.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे शाळाच नव्हत्या, असं नातवाच्या सरांनी सांगितलं. खरं का? (निवृत्त पोस्टमन, वाई)

सरांना सांगा, होत्या. पंतोजींच्या. ओसरीवर, देवळात, कुणाच्या वाड्यात. धुळपाटीवर धूळ पसरून बोटानं किंवा काडीनं अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. मोडी वाचन, हिशेब, आणि पाढे. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माझे आजोबा ‘सात औटे साडेचोवीस’ असं बाजारात उभ्या उभ्या म्हणायचे आणि व्यापारी गप्प बसायचा. पंतोजींच्या छडीच्या आणि टांगून ठेवण्याच्या कथाही त्यांनीच सांगितल्या, तेव्हा फार हळवं व्हायला नको.

पण सरांच्या वाक्यात एक अर्धं खरं दडलंय. या शाळा बहुतेक ब्राह्मण, वाणी, कुलकर्णी अशा लिहिण्या-मोजण्याची गरज असलेल्या घरांतल्या मुलग्यांच्या. मुली नाहीत, अस्पृश्य नाहीत, कुणब्याचं पोर क्वचित. ज्यांना ओसरीवर पायच ठेवता येत नव्हता त्यांच्यासाठी शाळा नव्हतीच. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तिचं महत्त्व इथं कळतं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव खटावातलं कटगुण. सातारकरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सक्तीचं शिक्षण ही विलायती कल्पना ना? (वाचक, मिरज)

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे केली. रयतेच्या करातून वरच्यांची कॉलेजं चालतात, हा त्यांचा राग होता. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर ती अमलात आणली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. गोखल्यांचं याच मागणीचं १९११ चं विधेयक मात्र पास झालं नाही. देशभराचा शिक्षण हक्क कायदा यायला २००९ उजाडलं.

‘कमवा आणि शिका’ ही गांधीजींची नई तालीमच ना? आणि आजच्या भाषेत ती बालमजुरी नाही का? (पालक, विटा)

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पहिल्याचं उत्तर नाही असं आहे.

‘कमवा आणि शिका’ रुजवणाऱ्या भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती ४ ऑक्टोबर १९१९ ला, कराड तालुक्यातल्या काले गावी. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं, १९२७ मध्ये गांधीजींच्याच हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, स्वयंपाक आणि शेतातली कामंही स्वतःच करायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. वर्ध्याची नई तालीम परिषद भरली १९३७ च्या ऑक्टोबरात, म्हणजे नंतर.

फरक नुसत्या तारखांचा नाही. गांधीजींच्या योजनेत सूतकताई हेच शिकण्याचं माध्यम. टकळीवरून गणित, कापसावरून भूगोल. शाळेचा खर्चही त्या उत्पादनातून निघावा, ही अपेक्षा होती आणि टीका झाली ती बरीचशी यावरच. भाऊरावांकडे गणित हे गणितासारखंच शिकवलं जाई; श्रम होते ते वर्गात येण्याचं भाडं स्वतः भरता यावं म्हणून. कुणाच्या उपकारावर शिकलो, असं पोराला वाटू नये.

आता मजुरी. मी दोन गोष्टी विचारतो: कमाई कुणाच्या ताटात जाते, आणि काम अभ्यासाचे तास खातं का? एका संस्थेत (नाव नको) ‘कमवा आणि शिका’च्या फलकाखाली मुलं संस्थाचालकाच्या उसाला पाणी पाजताना मी पाहिली आहेत. ती मजुरीच, तीही बिनपगारी.

सात नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनाला मुलांपुढे काय बोलू? (शिक्षिका, कोरेगाव)

थोडं बोला, जास्त वाचा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा प्रवेश झाला, एवढं फळ्यावर लिहा. मग त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींतला शाळेचा भाग मोठ्यानं वाचा: वर्गात कोपऱ्यात वेगळं बसणं, शिपायानं नळ सोडला तरच पाणी, बसायला स्वतःचं गोणपाट. आमच्या विषयाच्या जाड पुस्तकांत ‘कसं शिकवावं’ यावर शेकडो पानं आहेत, कोण कुठं बसतं यावर फार थोडी.

वाचून झालं की एखादं मूल विचारेल, ते गोणपाट शाळा सुटल्यावर कुठं ठेवायचे? त्याचं उत्तर त्याच आठवणीत आहे. झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं.