पहिलं बिल, कापलेले पैसे

प्रश्न : नोकरी सोडून भाषांतराची कामं घेते. ४०,००० रुपयांच्या बिलाचे ३६,००० च आले. फसवलं का? जीएसटी लावायला हवा होता का?

उत्तर : बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापलाय. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे आयकराच्या संकेतस्थळावर तपासा. कंपन्या या कपातीचं विवरण तिमाहीनंतर भरतात, त्यामुळे नोंद उशिरा दिसते. जास्तीचा कर तुम्ही आयकर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. बिलावर पॅन नक्की लिहा, नाहीतर २० टक्के कापतात. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि नोंदणीशिवाय जीएसटी आकारायचाच नाही. खरी भांडणं मात्र शब्दसंख्येवरून होतात. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की भाषांतराच्या, हे ईमेलवर आधीच ठरवा.