संकल्प वारंवार मोडत असेल, तर मार्शल आर्टमधून स्वयंशिस्त कशी शिकावी?

पहाटे उठून अभ्यास करण्याचा आपला संकल्प आठवडाभरही टिकत नाही आणि त्यासाठी मार्शल आर्टमधील कोणती तत्त्वे उपयोगी पडतील, असे आपण विचारले आहे. भुसावळला कॉलेजात असताना मी ज्यूदो शिकलो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिला महिनाभर आमच्या सरांनी एकही डाव शिकवला नाही. त्यांनी फक्त पडायला शिकवले. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीकडे ओढून घ्यायची, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल ठेवायची आणि ती टेकताच हात मॅटवर सपाट मारायचा, म्हणजे आघात एकाच जागी न बसता अंगभर वाटला जातो. मग उठायचे आणि पुन्हा पडायचे. पडण्याच्या धास्तीने जो अंग ताठ धरतो, त्यालाच जास्त लागते, हे तिथे रोज दिसत असे. एक दिवस चुकणे हे आपले खरे नुकसान नसून, त्या चुकीची खंत करण्यात पुढचे आठ दिवस जाणे हे आहे, असे मला ठामपणे वाटते. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मी नियम केला होता की, खाडा पडल्यास दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट अभ्यास करायचा नाही. ठरल्या वेळी बसायचे आणि निदान दोन पाने वाचायची.

१८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्यूदोची संस्था स्थापन करणाऱ्या कानो जिगोरो यांचे एक सूत्र आहे, ‘सेइर्योकु झेन्यो’, म्हणजे शक्तीचा सर्वोत्तम उपयोग. समोरचा ढकलत असेल, तर उलट न ढकलता मागे सरावे आणि त्याच्याच जोराने त्याचा तोल घालवावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि जेवणानंतर झोपेशी झगडत पुस्तक धरण्यात मी दोन उन्हाळे वाया घालवले. तिसऱ्या वर्षी दुपारी रीतसर झोपू लागलो. रात्री आम्ही सारे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपत असू. तिथे पहाटेच्या गार वाऱ्याने आपोआप जाग येई. उशाशी कंदील आणि पुस्तक आधीच ठेवलेले असे, त्यामुळे उठण्यासाठी निर्धार करावा लागत नसे.