लेकराला साक्षीदार करू नकोस

प्रिय मुला,

काल तू पोरीच्या ताब्याच्या खटल्यासाठी जमवलेले फोनमधले स्क्रीनशॉट एकेक करून दाखवत होतास. तिच्या आईने पोरीला कधी वीस मिनिटं उशिरा आणलं, कधी फोन उचलला नाही. जाताना विचारलंस, "न्यायाधीशांनी विचारलं तर पोरगी माझ्याच बाजूने बोलेल ना?" तेव्हाच तुला अडवायला हवं होतं. लेकराला साक्षीदार करू नकोस.

मी केलं होतं. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने काढलेल्या घराच्या चित्रात बाप कोपऱ्यात होता, अगदी एवढासा. ते चित्र मी वकिलांना दिलं, अर्जाला जोडलं गेलं, वर क्रमांक पडला. ताबा मला मिळाला. मुलाने एवढंच विचारलं, "माझं चित्र परत कधी देणार?" ते फाइलमध्येच राहिलं. बाप कोपऱ्यात का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. कागदावर जागा उरली नव्हती, असं त्याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मी वाईट आई नव्हते रे. घाबरले होते, आणि मध्यस्थी म्हणजे माघार, असं जो तो सांगत होता. तूही काल तेच म्हणालास. माघार कसली? मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढायला मदत करतो. पटलं नाही तर सही करू नकोस, कोर्ट कुठे पळून जात नाही. तापात रात्री कोणी जागायचं, हे न्यायाधीशाने ठरवावं असं तुला खरंच वाटतं?

अमेरिकेत रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञांनी ताब्यासाठी भांडणारी कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली, काही मध्यस्थीकडे, काही खटल्याकडे. मध्यस्थीला सरासरी ५-६ तास लागले. १२ वर्षांनी पाहिलं, तर ज्या पालकाकडे मूल राहत नव्हतं त्यांच्यात दर आठवड्याला मुलांना भेटणारे मध्यस्थीच्या गटात जवळपास तिप्पट होते. तुझी लेक पाचची आहे. १२ वर्षांनी तुझ्याकडे यायचं की नाही, हे ती ठरवेल. तेव्हा तिला काय आठवावं? साक्षीदार करू नकोस तिला.

मारहाण, धमक्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे सरळ कोर्टातच जावं. अशा प्रकरणांत मध्यस्थीची सक्ती नको, हे स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोपच्या २०११ च्या इस्तंबूल करारातही आहे. तुमच्यात तसं काही नाही, तूच सांगितलंस. मग अडलंय कुठे?

मंगळवारी मध्यस्थाकडे जाताना ते स्क्रीनशॉट घरी ठेव. पोरीच्या शाळेच्या वेळा, औषधं, मैत्रिणींची नावं एका कागदावर लिहून ने. नावं आठवली नाहीत तर तिच्या आईला विचार.