पहिल्या लढतीची तयारी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कॅडेट ज्युदोच्या जागतिक स्पर्धेसाठी तुझी निवड झाली, त्याचं अभिनंदन तोंडी झालंच आहे, आता कामाचं लिहितो. कॅडेट म्हणजे १५ ते १७ वर्षांचा गट. त्याची जागतिक स्पर्धा २००९ मध्ये बुडापेस्टला सुरू झाली. २०२२ मध्ये सारायेवोत मणिपूरच्या लिंथोई चनंबमने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. ज्युदोत कुठल्याही वयोगटातलं भारताचं ते पहिलं जागतिक पदक. तेव्हा तिथे आपला निभाव लागत नाही हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

पण स्पर्धेची रचना नीट समजून घे. उपांत्यपूर्व फेरीत हरलीस तर रेपेशाज, म्हणजे हरलेल्यांची फेरी, मिळतो आणि कांस्याची वाट उघडी राहते. त्याआधी हरलीस तर तिथेच संपलं, दुसरी संधी नाही. मानांकित खेळाडू सोडतीत वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत एखादी जपानी किंवा जॉर्जियन मुलगी समोर येऊ शकते. म्हणून तुझी सगळी तयारी पहिल्या लढतीसाठी हवी, पदकाच्या लढतीसाठी नव्हे.

सुरुवात वजनापासून. तुझा गट ५२ किलोचा. अधिकृत वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. कॅडेट मुलामुलींना अंतर्वस्त्रं काढायची नसतात, त्यासाठी १०० ग्रॅमची सूट मिळते. लढतीच्या सकाळी काही खेळाडूंचं पुन्हा अचानक वजन घेतात आणि तिथे मर्यादेच्या ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणजे तुला ५४.६ किलो. रात्रभर पोट फुटेस्तोवर खायचं नाही ते यासाठी. निघायच्या आठवडाभर आधी तू ५३ च्या आत असायला हवीस. उरलेला किलो शेवटच्या दोन दिवसांत मीठ आणि चोथ्याचे पदार्थ कमी केले की बहुतेक वेळा उतरतो. पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट घालून धावून वजन उतरवायचं नाही. तुझ्या वयात तर मुळीच नाही. तसं केलं की पहिली लढत तिसऱ्या मिनिटाला हातातून जाते, कारण सगळ्यांत आधी बोटांची ताकद संपते. वजन झालं की ओआरएस घोट घोट घे, तासाभरात अर्धा-पाऊण लिटर. मग भात किंवा पास्ता, थोडं चिकन. तिथलं नवीन काही चाखायचं असेल तर लढत संपल्यावर.

आता ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख. यात मुली हकनाक अडकतात. पांढरी आणि निळी, दोन्ही मान्यताप्राप्त लेबलच्या लागतात. ज्युदोगीच्या तपासणीत हात समोर सरळ ताणून धरायला लावतात. बाही मनगटाच्या हाडापर्यंत पोचली पाहिजे आणि हात व बाही यांत १० ते १५ सेंटिमीटरची मोकळी जागा हवी. पट्ट्याची टोकं गाठीपासून २० ते ३० सेंटिमीटर. नवीन सुती कापड आटतं आणि दुकानात बरोबर बसलेली बाही चौथ्या धुण्यानंतर मनगटाच्या वर सरकते. म्हणून दोन्ही ज्युदोगी आत्ताच चार वेळा थंड पाण्यात धू, सावलीत वाळव, मग मोज. पाठीवरचं नाव आणि देशाचं कापड त्यानंतरच शिव. आधी शिवलंस तर ज्युदोगी आटते, पण ते आटत नाही आणि पाठीवर फुगा येतो. आत गोल गळ्याचा पांढरा टी-शर्ट. केसांत धातूची एकही पिन नको.

खेळाविषयी आधी तुझ्या कुस्तीबद्दल. तालमीतून आलेल्या मुलीला पट काढायची सवय असते. समोरची वाकली की हात आपोआप मांडीकडे जातो. ज्युदोत उभ्याने पाय धरून फेकायला गेलीस की शिदो, म्हणजे दंडाची ताकीद, मिळतो, आणि तीन शिदो म्हणजे हानसोकु-माके, लढत गेली. ही सवय मोडायला रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, जोडीदाराला मुद्दाम वाकून खेळायला सांग आणि प्रत्येक वेळी हात बाहीवर न्यायचा सराव कर. धोबीपछाड मात्र टाकून देऊ नकोस, ज्युदोतली खांद्यावरून फेक, सेओई-नागे, त्याचीच बहीण आहे. कमरेची फिरत तुझ्याकडे आहेच, फक्त पकड कापडाची हवी.

पहिली ३० सेकंदं पकडीची. परदेशी मुली तुला फेकण्याआधी तुझी बाही बंद करतात. एकदा तुझा उजवा हात खाली दाबला गेला की तू नुसती बचाव करत राहतेस आणि शिदो तुलाच मिळतो. म्हणून 'हाजिमे' (सुरू करा) झाल्यावर आधी तिची बाही घे. करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटं सैल, मनगट आत वळलेलं. बोटं बाहीच्या आत घालायची नाहीत, त्यालाही शिदो आहे. बाही हातात आली की मगच कॉलर. तिने तुझी बाही आधी घेतली तर मागे ओढू नकोस. कोपर वर उचल आणि झटक्यात सोडव. मागे सरकत रेषेबाहेर गेलीस की तोही शिदो. रोज जोडी बदलून अर्ध्या मिनिटाचे दहा डाव फक्त पकडीचे खेळ, फेक नाही.

फेक झाल्यावर पंचाकडे बघायचं नाही. खाली तिच्यावरच राहायचं. २०२५ पासून युको, म्हणजे सर्वांत लहान गुण, परत आला आहे. कितीही युको झाले तरी एका वाझा-आरीची, म्हणजे अर्ध्या विजयाच्या गुणाची, बरोबरी होत नाही, आणि दाबून धरलंस तर ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पोन, म्हणजे थेट विजय. 'ओसाएकोमी' (दाबून धरल्याची पंचांची घोषणा) ऐकलं की पुष्कळ मुली सैल पडतात. सरावात नेहमी २५ पर्यंत मोज.

गळा आवळला गेला किंवा हात अडकला तर लगेच थाप मार. कॅडेट गटात आवळण्याने शुद्ध हरपली तर पुढच्या लढती खेळू देत नाहीत. यात हिंमत दाखवायची नसते.

चार मिनिटांत बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण मिळवणारी जिंकते तो जादा वेळ. त्याला वेळेची मर्यादा नाही आणि आधीचे शिदो तसेच चालू राहतात. तिथे दमल्यावर खोटा हल्ला करून गुडघ्यावर बसायचा मोह होतो, पंच तो ओळखतात. प्रशिक्षक फक्त 'मात्ते' (थांबा) झाल्यानंतर बोलू शकतात, तेव्हा त्यांच्याकडे बघ, एरवी नाही.

सर्दीची गोळी कुणाकडूनही घेऊ नकोस, काहींत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते उत्तेजक चाचणीत अडकवतं. घरून दिलेलं बिनलेबलचं चूर्णही नको. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सोबत ठेव.

उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. संध्याकाळी पाचची अंतिम लढत म्हणजे तुझ्या शरीराला रात्रीचे साडेआठ. पोचल्यावर पहिले दोन दिवस दुपारी झोपू नकोस.

ज्युदोगी चौथ्यांदा धुऊन झाल्या की दोन्ही घेऊन ये. बाह्या मीच मोजतो.

तुझे,
सर