कोठीतला भुंगा आणि निलगिरीचा वास

सिन्नरच्या एका ताईंनी विचारलंय: दोन पोती हरभरा ठेवलाय, पोत्याला हात लावला की भुंगे उडतात. मेडिकलमधून निलगिरीचं तेल आणून शिंपडू का?

ताई, शिंपडू नका, डाळीला औषधाचा वास लागेल. निलगिरी, लवंग, गवती चहा यांची तेलं उडून जाणारी. निलगिरीतलं सिनिओल, लवंगेतलं युजेनॉल हे वासाचे घटक वाफेनं किड्याला गाठतात. म्हणून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत त्यांचा उपयोग. गोणपाटाच्या पोत्यात वास चार दिवसांत दाराबाहेर आणि भुंगे जागच्या जागी.

शिवाय उडणारे भुंगे मेले तरी काम संपत नाही. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती अंडी. अळी थेट दाण्यात शिरते, आतच कोष करते आणि गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर पडते. उबदार दिवसांत हा फेरा महिनाभरात उरकतो. आतल्या अळीपर्यंत वास फारसा पोहोचत नाही.

तेव्हा आधी हरभरा चाळा, दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा. दाताखाली दाणा कट्ट वाजला की वाळला. पण गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, आत घाम धरतो. निवल्यावर भरा आणि निलगिरीत भिजवलेला बोळा फडक्यात बांधून झाकणाखाली टांगा, दाण्याला लागू देऊ नका. ही राखण समजा, इलाज नव्हे.

खायचं तेल मात्र दाण्याला चोळायचंच असतं: किलोला 5 मिलि शेंगदाणा तेल. ते वासानं नाही, अंड्यांचा श्वास कोंडून काम करतं. आपल्या आज्या गव्हाला एरंडेल चोळायच्या, त्या काही चुकत नव्हत्या.

इगतपुरीहून विचारणा आहे, तांदळाला सोंडे लागतात. सगळा भात एकदम भरडू नका. टरफल शाबूत असलेल्या साळीत सोंड्याला शिरणं अवघड जातं. लागेल तसा भरडा.

निफाडच्या दादांना घरातल्या गव्हात गॅसच्या गोळ्या टाकायच्या आहेत. अजिबात नाही. ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि कोठी तर तुम्ही झोपायच्या खोलीत ठेवलीय म्हणता. ते काम परवानाधारकाचं, तेही गोदामात.

आणि ताई, त्यातला हरभरा बियाण्याला ठेवणार असाल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. भोक पडलेले दाणे तेवढे आधीच वेगळे काढा.