नोकरी माझी गेली. मुलीला मेकॅनिकल घेऊ द्यावं का?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १९ वर्षं क्वालिटीत काम करतोय. आमची लाइन आता दुसऱ्या राज्यात चालली आहे. एचआरवाले म्हणतात, महिनाअखेर राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच करू. एक मित्र त्याच्या चहाच्या फ्रँचायझीत भागीदार हो म्हणतोय. पीएफ काढला तर तेवढे पैसे उभे राहतील. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. मला वाटतं तिनं बीएस्सी करून एमपीएससीच्या मागे लागावं, माझ्यासारखी वेळ तिच्यावर नको. नोकरीचं बायकोला माहीत आहे, मुलीला सांगितलेलं नाही. मला कस्टमर कम्प्लेंट, ऑडिट, पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेण्याची फाइल) यापलीकडे काही येत नाही. काय करावं?
– एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नमस्कार. पत्रात तुम्ही राजीनाम्याचा उल्लेख ओझरता केलाय, पण घाई आहे ती त्याचीच. सही केली नसेल तर थांबा.

ग्रॅच्युइटी तुम्हाला राजीनामा दिला तरी मिळणारच आहे, त्यासाठी कुणाचे उपकार नकोत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं : १५,०००. गुणिले १९ वर्षं, म्हणजे २ लाख ८५ हजार. कामगार कपातीची भरपाई याहून वेगळी. कायद्यानं तुम्ही ‘कामगार’ ठरत असाल, तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. स्वतःहून राजीनामा दिला की कागदोपत्री कपात झालेलीच नसते, मग भरपाई कशाची मागणार? तुमच्या ओळखपत्रावर ‘ऑफिसर’ असेल म्हणून तुम्ही कामगार नाही, असंही परस्पर धरू नका. प्रत्यक्ष काम काय करत होता हे पाहिलं जातं. युनियनचं कुणी असेल तर त्याला, नाहीतर कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. कामगार उपायुक्तांचं कार्यालय तुमच्याच शहरात आहे. कधी कधी राजीनाम्याच्या बदल्यात कंपनी यापेक्षा जास्त रक्कम द्यायला तयार होते. तसं असेल तर खुशाल सही करा, फक्त आकडा लेखी घ्या.

पीएफला हात लावू नका. नोकरी सुटली तरी खात्यावर व्याज मिळत राहतं, आणि नवीन नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, चालतो. तुमची दहा वर्षं कधीच पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्कही आहे. कंपनीचा मेडिक्लेम मात्र नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारून घ्या. घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर हे काम आजच.

चहाबद्दल माझं मत रोखठोक आहे : नको. धंद्याला माझा विरोध नाही. पण जो धंदा तुम्ही एक दिवसही केलेला नाही, त्यात म्हातारपणाचा पैसा घालायचा, तोही घरी बसल्याची लाज वाटते म्हणून, हे मला पटत नाही. वर्षभरानंतरही धंद्याचं डोक्यात असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात स्वतःचे पाच ते दहा टक्के घालावे लागतात, बाकीचं बँकेचं कर्ज असतं आणि अनुदानही मिळतं. पीएफ मोडायची गरज पडत नाही.

आता ‘यापलीकडे काही येत नाही’ या वाक्याकडे येतो. पीपॅपची फाइल उभी करणं, कस्टमरच्या माणसासमोर रिजेक्शनचं कारण मांडून ते बंद करून दाखवणं, ऑडिटला उभं राहणं ही कामं वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या व्हेंडरकडे बहुतेक वेळा मालकच रात्री जागून करत असतो. त्याला माणूस हवा असतो, पण मोठ्या जाहिराती तो देत नाही. तुमच्याच कंपनीला माल देणाऱ्या व्हेंडरांची यादी काढा. त्यातले निम्मे तुम्हाला नावानं ओळखत असतील, आणि काहींचा माल तुम्ही परतही पाठवला असेल. त्यांना आधी फोन करा. माल परत पाठवणारा माणूस त्यांच्या चांगला लक्षात राहतो.

ऑटोच्या बाहेरही बघा. वैद्यकीय उपकरणं, संरक्षण आणि विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपन्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या, मोजमापाची साधनं तपासून देणाऱ्या कॅलिब्रेशन लॅब, थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करणाऱ्या एजन्सी. मोजमाप तेच असतं, मानकाचा क्रमांक बदलतो : तुम्ही वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ वर काम केलंत, वैद्यकीय उपकरणांना आयएसओ १३४८५ लागतं, लॅबला १७०२५. यातल्या एकाचं इंटर्नल ऑडिटरचं प्रशिक्षण घ्या, ते थोड्या दिवसांचंच असतं. सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन) चालवता येत नसेल तर इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा. टोयोटा आणि एथर इकडे येणार म्हणून २०२४ मध्ये बातम्या आल्या, त्यावर मात्र विसंबून राहू नका. मोठे प्लांट उभे राहायला वेळ लागतो आणि भरती बहुतेक विशी-पंचविशीतल्यांची होते. त्यांच्या व्हेंडरकडे तुमच्या वयाची अडचण कमी येईल.

बायोडेटात ‘जबाबदाऱ्या’ लिहू नका. कोणत्या पार्टचं रिजेक्शन किती होतं आणि तुम्ही ते कितीवर आणलं, हे लिहा. पहिला पगार आत्तापेक्षा कमी मिळेल, याची घरात सगळ्यांनी तयारी ठेवा.

सगळ्यांनी म्हणजे मुलीनंही. तिला सांगायचं कारण भावनिक नाही, कागदोपत्री आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर ही सवलत नाही. शिवाय आठ लाखांच्या आतल्यांसाठी प्रत्येक कोर्सला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, थोड्या जागा असतात, कटऑफ चढा असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो दाखला, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज हे सगळं तिच्या नावानं करायचं आहे, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम तीच भरणार. पैशाची खरी स्थिती माहीत नसेल तर ती पुण्याचं महागडं कॉलेज वर टाकेल, आणि मग तुम्ही ऐनवेळी ‘नको’ म्हणाल. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्कं माफीत येत नाहीत, हेही तिला कळू द्या. शहरात राहूनच शिकायचं झालं तर तिथलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहेच.

एमपीएससीला पदवी कुठलीही चालते, अभियांत्रिकी सेवा तर इंजिनिअरांसाठीच आहे. मेकॅनिकल केलं म्हणून तो रस्ता बंद होत नाही. उलट बीएस्सी करून परीक्षेत पाच-सहा वर्षं घालवलेली आणि हातात दुसरं काहीच नसलेली मुलं माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्याला तुम्ही ‘सुरक्षित’ म्हणताय. तुमची नोकरी मेकॅनिकलमुळे गेलेली नाही, एक लाइन हलली म्हणून गेली. त्यावरून तिची शाखा ठरवू नका.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला मेकॅनिकलच का हवंय, हे त्यात कुठेच नाही. तुम्ही विचारलेलं दिसत नाही. नोकरीचं सांगाल त्याच दिवशी तेही विचारा. आणि कंपनीनं परवानगी दिली तर गेटच्या आत नेऊन शॉप फ्लोअर दाखवा, लाइन हलायच्या आधी.